न केलेल्या गणितांचा हिशेब

काशीत पहाटे स्नानाला उतरणाऱ्या माणसाने, आपण ज्या पाण्यात उतरतो ते रात्रभर कोणत्या वाटेने वाहत आले याची चौकशी करावी, असे कोणी म्हणणार नाही. ती चौकशी त्याच्या वतीने इतरांनी करून ठेवलेली असावी, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते. अशी चौकशी करणाऱ्यांत काही वर्षे माझा समावेश होता. नदीच्या प्रवाहाचे गणिती प्रतिरूप संगणकावर चालवून, शहराचे सांडपाणी अडवणाऱ्या, साठवणाऱ्या आणि शुद्ध करून सोडणाऱ्या व्यवस्थेचे निरनिराळे आराखडे पारखणे, हे माझे काम. जलगतिशास्त्र त्यासाठी शिकावे लागले आणि ते यथाशक्ति शिकले; परंतु ज्या प्रश्नाने या सर्व काळात माझी पाठ सोडली नाही, तो गणिताच्या अर्थव्यवहाराचा होता. करता येण्याजोगी गणिते असंख्य असताना, आणि त्यांतले प्रत्येक गणित महाग असताना, पुढचे गणित कोणते करावे?

अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत गंगा येथे उत्तरवाहिनी आहे, आणि शहर तिच्या वळणाच्या बाहेरच्या, खोल पाण्याच्या काठावर वसले आहे. समोरचा पूर्वकाठ वाळूचा. ही रचना घाटांना अनुकूल आहे, तशीच ती त्यांच्यावर एक संकटही आणते. काठालगत नदीत शिरलेले सांडपाणी पात्रभर तत्काळ पसरत नाही. आडवे मिश्रण अतिशय सावकाश होते, आणि तो मलिन पट्टा कित्येक किलोमीटरपर्यंत त्याच काठाला, म्हणजे नेमका घाटांना, धरून वाहतो. त्यातील आंत्रजन्य जंतू उन्हात झपाट्याने मरतात, रात्री मात्र बरेचसे टिकतात. यास्तव दुपारी सुटलेल्या पाण्यापेक्षा मध्यरात्री सुटलेले पाणी, कार्तिकात पंचगंगा घाटावर पहाटे उतरणाऱ्या स्नानार्थ्याला अधिक घातक ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकानुसार स्नानयोग्य पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जंतूंचे प्रमाण ५०० पर्यंत असणे इष्ट, आणि २,५०० ही कमाल मर्यादा. ही मर्यादा पहाटेच्या वेळी ओलांडली जाण्याची संभाव्यता कोणत्या आराखड्यात सर्वांत कमी राहील, असा आमच्या अभ्यासाचा प्रश्न होता. पाणी कोठे अडवावे, साठवणटाकी किती मोठी बांधावी, आणि शुद्ध केलेले पाणी कोणत्या प्रहरी व कोणत्या ठिकाणी सोडावे, या तीन गोष्टींच्या संयोगांतून असंख्य आराखडे उभे राहत.

संभाव्यतेचा विचार येथे अपरिहार्य होता, कारण नदीची कोणतीही रात्र दुसरीसारखी नसते. ज्येष्ठातले क्षीण पाणी, अवकाळी सर, पाण्याचे तापमान यांच्या जोडीला या शहरात विजेचाही विचार करावा लागतो. गंगा कृती योजनेचा आरंभ १४ जून १९८६ रोजी येथल्याच राजेंद्रप्रसाद घाटावर झाला, आणि त्या योजनेने सांडपाणी उचलून नेण्यासाठी विजेच्या पंपांवर भिस्त ठेवली. वीज गेली की पंप थांबतात आणि सांडपाणी आपल्या जुन्या वाटेने नदी गाठते, हा आक्षेप पंडित वीरभद्र मिश्र यांनी वर्षानुवर्षे मांडला. ते काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या तंत्रविद्या संस्थेत जलगतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि संकटमोचन मंदिराचे महंतही. आपण शिकवतो ते शास्त्र आणि आपण नित्य करतो ते गंगास्नान यांत अंतर पडू नये, अशी त्यांची तळमळ होती. पाणी उताराने, विजेवाचून वाहून न्यावे हा त्यांचा आग्रह मला पहिल्या वाचनात तत्त्वनिष्ठेचा वाटला. पुढे आकडे हाती आल्यावर तो संभाव्यतेच्या गणितातूनही सरळ निघतो असे दिसले.

आता खर्चाची बाजू. त्याच संस्थेत, जी आता आय.आय.टी. म्हणून ओळखली जाते, ‘परम शिवाय’ हा महासंगणक आहे. पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली तो उभारला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याची कमाल गती ८०० टेराफ्लॉपांहून अधिक, म्हणजे सेकंदाला ८०० लाख कोटींहून अधिक आकडेमोडी. हे ऐकणाऱ्याला वाटते की एवढे सामर्थ्य हाताशी असता काटकसरीचे कारण काय. कारण असे की महासंगणकावर सर्वांचा हक्क असतो. अर्ज करावा लागतो, प्रयोजन लिहून द्यावे लागते, मंजुरी मिळते ती ठरावीक कोअर-तासांची आणि ठरावीक मुदतीची, आणि तिच्यातली शिल्लक दर रनबरोबर, म्हणजे प्रतिरूप एकदा चालवण्याबरोबर, घटत जाते. शिवाय नदीचे गणित खादाड असते. घाटांजवळचा पट्टा नीट दिसावा म्हणून, ज्या बिंदूंच्या जाळीवर प्रतिरूप नदीचे पात्र मांडते, तिच्यातल्या दोन बिंदूंमधले अंतर निम्मे केले, तर लांबी-रुंदी मिळून बिंदू चौपट होतात, आणि गणित स्थिर राहावे म्हणून काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते; अशा रीतीने एका निर्णयाने खर्च आठपट होतो. त्यात यादृच्छिकतेचा स्वभाव असा की सरासरीतली चूक निम्मी करायची तर रन चौपट लागतात. एका आराखड्यासाठी अनेक रात्री, प्रत्येक रात्रीचा एक रन, आणि आराखडे असंख्य. हा गुणाकार कोणत्याही मंजुरीत बसणारा नव्हता.

समान वाटणी ही पहिली तजवीज कोणालाही सुचते. प्रत्येक आराखड्याला तेवढेच रन द्यावेत, म्हणजे कोणावर अन्याय झाला असे म्हणायला जागा उरत नाही. आणि सरकारी पैशातून होणाऱ्या कामात या निर्दोष दिसण्याचे आकर्षण मोठे असते. परंतु जो आराखडा पहिल्या काही रात्रींतच उघडपणे निकृष्ट ठरला, त्याच्या निकृष्टतेचे दशांशस्थळ शोधण्यात खर्चलेले तास हे ज्या दोन आराखड्यांमध्ये खरा वाद आहे त्यांच्या तोंडचे काढून घेतलेले असतात. आराखड्यांशी न्यायाने वागण्याचे बंधन आमच्यावर नव्हते. बंधन होते ते घाटावरच्या माणसाशी न्यायाने वागण्याचे. याच्या उलट टोकाला, जो आराखडा आजवर सर्वांत चांगला दिसतो त्याच्याच भोवती सर्व रन खर्चण्याचा मोह असतो. चार अनुकूल रात्री त्याच्या वाट्याला आल्या एवढ्यानेच तो पुढे गेलेला असू शकतो, आणि बाजूला राहिलेला, दोन वाईट रात्रींनी बदनाम झालेला आराखडा पुन्हा कधी तपासलाच जात नाही. तिसरा मोह अभ्यासकाचा खास: जेथे आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे तेथे जावे. तो उदात्त दिसतो, म्हणूनच त्याला ओळखायला मला सर्वांत अधिक काळ लागला. एखाद्या आराखड्याविषयीचे अज्ञान कितीही मोठे असो, ते दूर झाल्याने निर्णय बदलण्याचा संभवच नसेल तर त्या अज्ञानावर सार्वजनिक तास खर्चण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या विचाराचे मूळ शोधताना मला एक मराठी नाव भेटले, आणि परप्रांतात आपल्या गावचा माणूस भेटावा तसा आनंद झाला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. जन्म १९११ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. १९३४ मध्ये जर्झी नेमन यांनी नमुना पाहणीचा एक मूलभूत नियम मांडला होता: लोकसंख्येचे स्तर पाडले असता प्रत्येक स्तरातून किती नमुने घ्यावेत हे त्या स्तराच्या आकारावर आणि त्याच्या अंतर्गत विचलनावर ठरवावे, जेथे सगळे सारखे तेथे थोडे पुरतात, जेथे वैविध्य तेथे अधिक हवेत. हा नियम वाचायला सोपा, परंतु त्यात एक अडचण दडलेली आहे: पाहणी करण्यापूर्वी हे विचलन ठाऊक कसे असावे? सुखात्म्यांनी १९३५ मध्ये, वयाच्या चोविशीत, नेमका हा प्रश्न हाती घेतला, आणि आधी छोटी प्राथमिक पाहणी करून तीतून विचलनाचा अंदाज घेतला व त्यावरून वाटणी केली, तरीही ती वाटणी बहुधा फायद्याचीच ठरते असे दाखवले. थोडे खर्चून आधी अज्ञानाचे मोजमाप घ्यावे, आणि मग उरलेला खर्च त्या मोजमापाप्रमाणे करावा, ही आमच्या कामाची पहिली पायरी होती. ती एका मराठी तरुणाने महासंगणकाच्या कितीतरी आधी रचून ठेवली होती.

मात्र सुखात्म्यांना सरासरी हवी होती आणि आम्हांला निवड करायची होती. प्रयोजन बदलले की वाटणीही बदलते. उत्तम पर्याय निवडण्याच्या शास्त्राचा पाया रॉबर्ट बेकहोफर यांनी १९५४ मध्ये घातला. पुढे चुन-हुंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरील रनांच्या वाटणीचा जो नियम सिद्ध केला त्याचा आशय असा की, आघाडीवरच्या आराखड्याशी तुलना करताना प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला द्यायचे रन त्याच्या विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावेत आणि आघाडीपासूनच्या त्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटवावेत. अंतर दुप्पट असेल तर रन चौथाई पुरतात. दूर मागे पडलेल्याला सोडून द्यावे, खांद्याला खांदा लावून चालणाऱ्यांवर लक्ष द्यावे, आणि आघाडीवरच्यालाही तपासणीतून माफी देऊ नये, असा त्याचा व्यवहारार्थ होतो. टाकीचा आकार किंवा पाणी सोडण्याचे ठिकाण यांसारख्या, सलग बदलणाऱ्या राशींसाठी आम्ही खाणींच्या विद्येचा आश्रय केला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत, थोड्या महाग वेधांवरून मधल्या भूमीतल्या सोन्याचा अंदाज बांधण्याची रीत डॅनी क्रिग या अभियंत्याने १९५१ मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येक अंदाजाबरोबर त्याच्या अनिश्चिततेचाही अंदाज मिळतो. त्यावरून, पुढचा वेध कोठे घेतला असता आजच्या उत्तमाहून सुधारणेची अपेक्षा सर्वाधिक, हे काढण्याची पद्धती जोन्स, शॉनलाउ आणि वेल्च यांनी १९९८ मध्ये सुस्थिर केली. आमच्या दप्तरात या सर्वांचा उपयोग झाला.

तरीही आमच्या वाटणीला सर्वांत मोठे वळण मिळाले ते ग्रंथांबाहेर. एका पंपगृहात रात्रपाळीला असणाऱ्या वयस्क चालकाकडे मी वीज जाण्याच्या नोंदी पाहण्यास गेले होते. नोंदवही पुढे सरकवून ते म्हणाले, “बहनजी, वीज किती वेळ गेली ते यात आहे. पंप किती वेळ बंद राहिला ते यात नाही.” मी कारण विचारले. “पाणी थांबले की चाळणीवर कचरा बसतो. वीज आली तरी तो उपसल्याशिवाय पंप चालवता येत नाही. रात्री एकटा माणूस किती उपसणार?” म्हणजे आम्ही ज्याला खंडाचा काळ धरत होतो त्याच्या शेपटीला आणखी एक काळ जोडलेला होता, आणि तो रात्रीच सर्वांत लांब होता, जेव्हा जंतू मरत नाहीत. प्रतिरूपात हा विलंब घातल्यावर असे दिसू लागले की आघाडीचे आराखडे सामान्य रात्रींत एकमेकांपासून वेगळे ओळखूच येत नाहीत. त्यांच्यातला फरक उघड होतो तो क्षीण प्रवाह आणि लांबलेला खंड एकत्र येणाऱ्या थोड्या रात्रींत. सामान्य रात्रींवर कितीही तास खर्चले तरी ते निर्णयाला उपयोगी पडणार नव्हते.

विरळ रात्रींची वाट पाहत बसण्याला महाग संगणनात अर्थ नसतो. त्यांना बोलावून आणावे लागते. हर्मन कान यांनी १९५० च्या सुमारास, जाड कवचातून क्वचित निसटणाऱ्या न्यूट्रॉनांचे गणित करण्यासाठी जी रीत अवलंबिली, तिचे तत्त्व असे: विरळ घटना मुद्दाम वारंवार घडवाव्यात, आणि प्रत्येकीला तिच्या खऱ्या विरळपणाच्या हिशेबाने वजन द्यावे. समजा एखाद्या प्रकारची रात्र शंभरांत दोनदाच येते आणि आम्ही ती शंभरांत पन्नासदा चालवली, तर तिच्या प्रत्येक फळाला पंचविसाव्या हिश्शाचेच वजन मिळते. उत्तर खरेच राहते, आणि जेथे फरक पडतो तेथली माहिती मात्र कितीतरी अधिक जमते. याच्याच जोडीला, प्रत्येक आराखड्याला त्याच त्या रात्री द्यायच्या असा दंडक आम्ही ठेवला. तोच प्रवाह, तीच सर, तोच विजेचा खंड दोघांच्याही वाट्याला आला की दैवाचा भाग वजाबाकीत बराचसा निघून जातो, आणि उरतो तो आराखड्यांचा स्वतःचा गुणावगुण.

स्वस्त गणिताचा प्रश्न अखेरपर्यंत वादाचा राहिला. विरळ जाळीचा रन थोड्या खर्चात होतो, मग अशा पुष्कळ रनांवर भागवावे, असे आमच्यातल्या काहींचे मत होते. येथे पुन्हा सुखात्मे उपयोगी पडले. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना, पीककापणीच्या प्रयोगांत वाफा किती मोठा घ्यावा यावर त्यांचे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे तीव्र मतभेद झाले. लहान वाफे स्वस्त आणि लवकर कापून होणारे. परंतु लहान वाफ्याला क्षेत्राच्या मानाने कड फार असते, कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि उत्पन्न पद्धतशीरपणे फुगते, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले. संख्या वाढवून यादृच्छिक चूक घटते. एकाच दिशेला झुकलेली चूक मात्र संख्या वाढवल्याने अधिकच ठाम होऊन बसते. आमची विरळ जाळीही अशीच एका बाजूला झुकत असे: मलिन पट्ट्याला ती कृत्रिमपणे रुंद व पातळ करी, आणि घाटालगतचे पाणी आहे त्याहून स्वच्छ दाखवी. म्हणून आम्ही स्वस्त रन पुष्कळ केले ते उघड निकृष्ट आराखडे गाळण्यासाठी; पण काही निवडक रात्री दोन्ही जाळ्यांवर चालवून त्यांतले अंतर मोजले, ते अंतर स्वस्त फळांत दुरुस्तीदाखल घातले, आणि अंतिम निवड केवळ दाट जाळीच्या आधारे केली.

थांबावे केव्हा, हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. शिल्लक संपेपर्यंत चालवत राहणे हा थांबण्याचा नियम होऊ शकत नाही. आमच्या मार्गदर्शकांनी एका बैठकीत विचारले, “आणखी रन करून तुम्हांला काय कळणार आहे?” मी म्हटले, “सर, या दोघांपैकी कोणता पुढे आहे ते नक्की होईल.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “आणि ते नक्की झाल्याने पहाटे घाटावर उतरणाऱ्याच्या धोक्यात किती फरक पडेल?” हा फरक आमच्या आकड्यांवरूनच काढता येत होता, आणि तो प्रतिरूपाच्या स्वतःच्या अचूकतेहूनही लहान होता. दोन आराखडे पाण्याच्या दृष्टीने तुल्य आहेत, असे आम्ही लिहून दिले. त्यांतली निवड बांधणीचा खर्च, देखभाल आणि विजेवरचे अवलंबन यांच्या कसोटीवर व्हावी अशी शिफारस केली. आणि या कसोटीत, उताराने वाहणाऱ्या पाण्याच्या बाजूचे वीरभद्र मिश्रांचे म्हणणे पुन्हा वजनदार ठरले. उरलेले तास आम्ही परत केले.

अहवालाचा मसुदा करताना मी एक परिशिष्ट जोडण्याचा आग्रह धरला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामात तो धरत आले आहे. अहवालात केलेल्या गणितांचे आकडे असतात. न केलेल्या गणितांची नोंद नसते. वास्तविक ज्याला हे आकडे मान्य करून कोट्यवधींचा खर्च मंजूर करायचा आहे, किंवा उद्या ज्याला त्यांवर हरकत घ्यायची आहे, त्याला दुसऱ्या नोंदीची गरज अधिक आहे. कोणते आराखडे आम्ही दोन-चार रात्रींनंतरच बाजूला ठेवले आणि कोणत्या आधारावर, कोणत्या रात्री आम्ही चालवल्याच नाहीत, त्या चालवल्या असत्या तर निवड बदलण्याचा संभव आमच्या मते किती होता, आणि कोणत्या गोष्टीची माहिती नव्याने हाती आली तर हे सारे पुन्हा उघडावे लागेल, हे सर्व तपशीलवार लिहिलेले असले पाहिजे. महाग गणितांतून निवड करणारा मनुष्य प्रत्येक निवडीबरोबर काही प्रश्न विचारण्याचे नाकारत असतो, आणि ज्यांच्या वतीने तो नाकारतो ते त्या बैठकीला हजर नसतात. निवड टाळता येत नाही. तिचा हिशेब देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते, आणि तो इतका स्पष्ट असावा की पंपगृहातल्या एखाद्या चालकाने तो ऐकून, यात अमुक गोष्ट धरलेली नाही, असे आपल्याला सांगता यावे.